आर्माचा बंडखोर, मॉस्कोतील सही

आयर्लंडच्या उत्तरेकडील आर्मा परगण्यात कॅमलॉक नावाचे खेडे आहे. त्याच्याच शिवारात, कॅरिकब्रॅकन येथे, १३ फेब्रुवारी १८९८ रोजी फ्रँक एकेन यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील बांधकामाचे ठेके घेत. पंचक्रोशीतली काही कॅथलिक चर्चे त्यांच्याच हातची. फ्रँक अगदी लहान असताना ते वारले आणि १९१३ मध्ये आईही गेली. न्यूरीच्या ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत शिकलेल्या या मुलाने विशीच्या आतच घरची शेती अंगावर घेतली आणि जवसाचा धागा काढणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेच्या कारभारातही तो पडला. यंत्रे आणि जुगाड यांचा नाद त्याला होता, आणि तो आयुष्यभर सुटला नाही.

दक्षिण आर्मात कॅथलिकांची वस्ती दाट होती, पण भोवतीच्या अल्स्टर प्रांतावर प्रोटेस्टंटांचे वर्चस्व होते. आयर्लंडला स्वराज्य मिळाले तर आपण डब्लिनच्या कॅथलिक सत्तेखाली जाऊ, या भीतीने अल्स्टरमधील ब्रिटननिष्ठांनी १९१३ मध्ये स्वतःचे स्वयंसेवक दल उभारले. त्याच वर्षी राष्ट्रवाद्यांनीही ‘आयरिश व्हॉलंटिअर्स’ ही संघटना काढली. १९१४ मध्ये सोळा वर्षांचे एकेन तिच्यात आणि आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या गेलिक लीगमध्ये दाखल झाले. १९१६ च्या ईस्टर उठावात त्यांचा भाग नव्हता. मात्र उठावानंतर ब्रिटिशांनी नेत्यांना गोळ्या घातल्या आणि त्यांच्या पिढीतले हजारो तरुण ज्या बाजूला वळले, तिकडेच तेही वळले. १९१७ मध्ये क्लेअर परगण्यातील पोटनिवडणुकीच्या वेळी त्यांची राष्ट्रवादी नेते एमन डी व्हॅलेरा यांच्याशी भेट झाली. तेव्हा त्यांच्यावर जडलेली निष्ठा पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. १९१८ मध्ये बेकायदा कवायतीबद्दल एकेन यांना तुरुंगवास घडला.

स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर एकेन यांनी आर्मा आणि लाउथच्या सरहद्दीवर आयआरएच्या (‘आयरिश रिपब्लिकन आर्मी’च्या) तुकड्या बांधल्या. मे १९२० मध्ये त्यांनी न्यूटाउनहॅमिल्टनच्या पोलीस ठाण्यावर हल्ला चढवला. ठाण्यातले शिपाई शरण येईनात, तेव्हा बटाट्याच्या पिकावर औषध मारायच्या पंपातून रॉकेल फवारून इमारत पेटवून देण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅमलॉकच्या ठाण्यावरील हल्ल्याचा सूड म्हणून सरकारी दलांनी एकेन यांचे घर जाळले. १९२१ च्या वसंतात आयआरएची फेररचना झाली आणि तेवीस वर्षांचे एकेन ‘फोर्थ नॉर्दर्न डिव्हिजन’चे सेनापती झाले.

तोपर्यंत आयर्लंडची फाळणी कायद्याने झालेली होती. २२ जून १९२१ रोजी पंचम जॉर्ज यांनी बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडच्या नव्या संसदेचे उद्घाटन केले. राजाच्या दिमतीला आलेल्या घोडदळाची गाडी दोन दिवसांनी डब्लिनकडे परतत असताना एकेन यांच्या माणसांनी ती अ‍ॅडाव्हॉइल येथे स्फोटाने रुळांवरून उतरवली. काही सैनिक, गाडीचा गार्ड आणि कित्येक घोडे मेले. पुढच्या महिन्यात युद्धविराम झाला.

६ डिसेंबर १९२१ च्या अँग्लो-आयरिश तहाने दक्षिणेतील २६ परगण्यांना ‘फ्री स्टेट’चा दर्जा मिळाला, पण लोकप्रतिनिधींना ब्रिटिश राजाच्या निष्ठेची शपथ बंधनकारक झाली आणि फाळणी तशीच राहिली. मायकेल कॉलिन्स आणि रिचर्ड मल्काही हे नेते तहाच्या बाजूला गेले, डी व्हॅलेरा आणि लिअम लिंच विरोधात. एकेन यांनी कोणतीच बाजू घेतली नाही. त्यांची गणना सीमेवर उभ्या असलेल्या माणसाची होती : दक्षिणेतले राष्ट्रवादी आपसात लढले तर उत्तरेतल्या कॅथलिकांना वाली उरणार नाही. शपथेचे कलम राज्यघटनेतून काढा आणि फूट टाळा, असे ते दोन्ही बाजूंना सांगत राहिले. तरीही दोन्ही बाजूंत गृहयुद्ध पेटलेच. त्याच्या पहिल्या आठवड्यांत ते लिमरिकला जाऊन लिंच यांना भेटले, डब्लिनला जाऊन मल्काही यांना भेटले. हाती काही लागले नाही.

या काळातली एक घटना एकेन यांच्या चरित्रातून बाजूला काढता येत नाही. जून १९२२ मध्ये सीमेवर हिंसेचा वणवा होता. उत्तर आयर्लंडच्या ‘स्पेशल’ पोलिसांनी स्थानिक कॅथलिकांना ठार मारले होते. एकेन यांच्या एका साथीदाराच्या पबमध्ये घुसून घरातल्या बाईवर अत्याचार केला होता. त्याचा बदला म्हणून १७ जूनच्या पहाटे आयआरएच्या माणसांनी न्यूरीजवळच्या आल्टनाव्हे भागात सहा प्रोटेस्टंट नागरिकांना मारले. त्यांत एक नवराबायकोही होते. या लोकांचा पबमधील अत्याचाराशी काही संबंध नव्हता; ते शेजारी होते आणि प्रोटेस्टंट होते, एवढाच त्यांचा अपराध. हे करणारे एकेन यांच्याच हुकमतीखालचे होते, त्यामुळे सेनापती म्हणून जबाबदारी त्यांच्यापाशी येऊन थांबते. राष्ट्रीय ऐक्यासाठी जिवाचा आटापिटा करणारा हाच माणूस त्या आठवड्यात धर्माच्या भिंतीपलीकडे पाहू शकला नाही. उत्तरेतील प्रोटेस्टंट कुटुंबांनी आल्टनाव्हे कधी विसरले नाही, आणि एकेन यांच्या पुढच्या कर्तृत्वाचे मोल करताना इतर कोणीही ते विसरू नये.

तटस्थता फार दिवस टिकली नाही. १६ जुलै १९२२ रोजी फ्री स्टेटच्या सैन्याने लाउथमधले डनडॉक गाव ताब्यात घेऊन एकेन आणि त्यांच्या माणसांना पकडले. मल्काही यांना भेटून आल्याला एखादा दिवसच झाला होता. २७ जुलैला साथीदारांनी डनडॉक तुरुंगाच्या भिंतीला सुरुंग लावला. एकेन आणि सुमारे शंभर कैदी बाहेर पडले. १४ ऑगस्टला एकेन यांनी सुमारे ३०० माणसांनिशी गावच परत घेतले, कैदी सोडवले, शेकडो रायफली हस्तगत केल्या. विजयाच्या त्या घटकेला गावच्या चौकात उभे राहून त्यांनी भाषण केले ते युद्ध थांबवण्याचे. मग गाव सोडून ते डोंगरात गेले.

१० एप्रिल १९२३ रोजी नॉकमील्डाउनच्या डोंगरात आयआरएचे सरसेनापती लिअम लिंच यांना गोळी लागली. एकेन त्या वेळी सोबतच होते. जखमी लिंच यांना तिथेच सोडून, महत्त्वाची कागदपत्रे घेऊन निसटणे त्यांना भाग पडले. लिंच त्याच दिवशी वारले आणि सरसेनापतिपद एकेन यांच्याकडे आले. लिंच शेवटपर्यंत लढायच्या मताचे होते. एकेन यांना पुढे लढण्यात अर्थ दिसत नव्हता. ३० एप्रिलला त्यांनी आक्रमक कारवाया थांबवल्या आणि २४ मे १९२३ रोजी आदेश काढला : शस्त्रे पुरून ठेवा आणि घरी जा. शरणागती नव्हती, तहही नव्हता. रायफली शत्रूच्या हवाली करण्याची मानहानी टळली आणि माणसे मरायची थांबली. तहाला विरोध करणारे हजारो प्रजासत्ताकवादी तुरुंगात होते, सरकारने ७० हून अधिक जणांना फाशीऐवजी गोळ्या घालून देहदंड दिला होता. अशा वेळी पराभूत सैन्याला हत्यार खाली ठेवायला लावणे हे लढायला लावण्यापेक्षा अवघड होते. एकेन यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा निर्णय. त्यांना तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी घ्यावा लागला.

ऑगस्ट १९२३ मध्ये फरारी असतानाच ते लाउथ मतदारसंघातून डब्लिनच्या संसदेवर निवडून आले. शपथ मान्य नसल्याने इतर प्रजासत्ताकवाद्यांप्रमाणे त्यांनीही जागा घेतली नाही. नोव्हेंबर १९२५ पर्यंत ते आयआरएचे सरसेनापती होते. राजकारणाच्या मार्गाने जाण्याची शक्यता चाचपल्याबद्दल संघटनेतल्या कडव्या मंडळींनी त्यांना पदावरून दूर केले. १९२६ मध्ये डी व्हॅलेरा यांनी ‘फियाना फॉल’ पक्ष काढला, तेव्हा एकेन संस्थापकांत होते. ऑगस्ट १९२७ मध्ये शपथेच्या वहीवर सह्या करून हा पक्ष संसदेत गेला. ती केवळ एक रिकामी औपचारिकता आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पाच वर्षांपूर्वी याच शपथेपायी गृहयुद्ध झाले होते.

मार्च १९३२ मध्ये फियाना फॉल सत्तेवर आला आणि एकेन संरक्षणमंत्री झाले. ज्या सैन्याने त्यांना पकडले होते, ज्याच्याशी त्यांची माणसे लढली होती, तेच सैन्य आता त्यांच्या हाताखाली आले. मंत्री झाल्याबरोबर ते नव्या न्यायमंत्र्यांसह आर्बर हिलच्या लष्करी तुरुंगात गेले आणि तिथल्या आयआरए कैद्यांना भेटले. दुसऱ्या दिवशी कैदी सुटले. जुन्या अधिकाऱ्यांच्या मनात धास्ती असणारच. परंतु एकेन यांनी कोणाला काढले नाही, कोणाचा हिशेब चुकता केला नाही. १९३४ मध्ये त्यांनी स्वयंसेवकांचे राखीव दल उभारले, म्हणजे लढण्याची खुमखुमी असलेल्या तरुणांना आयआरएऐवजी सरकारी गणवेशाची वाट मिळाली. त्याच वर्षी पेन्शनचा कायदा होऊन गृहयुद्धात हरलेल्या बाजूच्या सैनिकांनाही निवृत्तिवेतन मिळू लागले. सत्तांतर शांततेत पचले यात एकेन यांच्या या संयमाचा मोठा वाटा आहे, आणि आयरिश इतिहासात त्याचे श्रेय बहुतेक सगळे डी व्हॅलेरांच्या नावावर जमा होते.

गव्हर्नर जनरल जेम्स मॅकनील यांच्याशी मात्र त्यांनी एवढे सौजन्य दाखवले नाही. मॅकनील आयरिशच होते, पण हिंदुस्थानात आयसीएसमध्ये नोकरी केलेले आणि आता राजाचे प्रतिनिधी. एप्रिल १९३२ मध्ये फ्रेंच वकिलातीच्या समारंभात ते येताच एकेन आणि शॉन ओकेली हे दोन मंत्री उठून निघून गेले. वाद वाढत गेला आणि वर्ष संपण्यापूर्वी मॅकनील पदावरून गेले.

१९३४ मध्ये एकेन यांनी डब्लिनच्या म्युनिसिपल संगीत विद्यालयाच्या संचालिका मॉड डॅव्हिन यांच्याशी लग्न केले. त्यांना तीन मुले झाली. कामाच्या धबडग्यातही यांत्रिक नाद चालूच होता. चूल, मधमाश्यांची पेटी अशा वस्तूंची नवी रचना ते करत बसत. दलदलीतला पीट कापून वाळवून जाळायचे, हे आयर्लंडचे जुने इंधन. इंग्लंडच्या कोळशावरचे अवलंबित्व तोडण्यासाठी त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर व्हावा यासाठी त्यांनी सतत लकडा लावला. दुसरीकडे, ज्या आयआरएचे ते एकेकाळी सरसेनापती होते, तीच जून १९३६ मध्ये त्यांच्या सरकारने बेकायदा ठरवली.

दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहिला. सप्टेंबर १९३९ मध्ये एकेन यांना संरक्षणविषयक उपाययोजनांच्या समन्वयाचे खाते मिळाले. त्यातले सर्वांत महत्त्वाचे काम सेन्सॉरचे होते. जानेवारी १९४० मध्ये मंत्रिमंडळापुढे ठेवलेल्या टिपणात त्यांनी मांडले की आधुनिक युद्धात तटस्थ देशही शांततेत नसतो, तो मर्यादित युद्धच लढत असतो, आणि शब्दही त्या युद्धातली शस्त्रे असतात. त्याप्रमाणे वर्तमानपत्रे, वृत्तपट, पत्रव्यवहार, हवामानाचे अंदाज, सगळे चाळणीतून जाऊ लागले. चॅप्लिन यांचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ दाखवायला बंदी झाली. ‘आयरिश टाइम्स’चे संपादक स्मायली यांच्याशी एकेन यांचे खटके उडत. ब्रिटनची युद्धनौका ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ जपान्यांनी बुडवली आणि या पत्राचा एक माजी कर्मचारी तिच्यातून वाचला, तेव्हा स्मायली यांनी छापले की तो नौकाविहारातील अपघातातून बरा होत आहे. तटस्थता टिकवण्यासाठी सेन्सॉर आवश्यक होता हे मान्य केले तरी छळछावण्यांची खरी माहिती आयरिश वाचकांपर्यंत युद्ध संपेपर्यंत नीट पोहोचली नाही. ही किंमत एकेन यांनी हिशेबात कमीच धरली.

१९४१ च्या वसंतात ते शस्त्रे आणि धान्य मागायला अमेरिकेला गेले. ७ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची भेट झाली. आक्रमण झाल्यास अमेरिका आयर्लंडच्या पाठीशी उभी राहील का, असा एकेन यांचा प्रश्न होता. जर्मन आक्रमण म्हणता ना, असे रूझवेल्ट यांनी विचारताच एकेन यांनी ब्रिटिश आक्रमणही त्यात धरले. अध्यक्षांनी संतापून जेवणाच्या टेबलावरचे कापड ओढले आणि सुऱ्याकाटे खोलीभर उडाले. शस्त्रे मिळाली नाहीत. दोन मालवाहू जहाजे मात्र भाड्याने मिळाली आणि दोन्ही पुढे जर्मन पाणबुड्यांनी बुडवली. ‘आयरिश पाइन’ नोव्हेंबर १९४२ मध्ये सर्व ३३ खलाशांसह गेले. ‘आयरिश ओक’चे खलाशी वाचले.

युद्धानंतर १९४५ ते १९४८ एकेन अर्थमंत्री होते. १९५१ ते १९५४ आणि पुन्हा १९५७ ते १९६९ ते परराष्ट्रमंत्री होते, आणि त्यांचे नाव जगात झाले ते या दुसऱ्या कारकिर्दीत. डिसेंबर १९५५ मध्ये आयर्लंड संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला होता. बहुतेक परराष्ट्रमंत्री आमसभेत एक भाषण करून मायदेशी परतत. एकेन मात्र दरवर्षी शरद ऋतूतले कित्येक आठवडे न्यूयॉर्कमध्ये मुक्काम ठोकत आणि समित्यांच्या बैठकांना जातीने बसत. सप्टेंबर १९५७ मध्ये चीनच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न चर्चेला घ्यावा, या भारताच्या मागणीच्या बाजूने त्यांनी मत दिले. अमेरिका चिडली, न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी दबाव आणला, मायदेशी विरोधी पक्ष तुटून पडला. एकेन यांचे म्हणणे एवढेच होते की साम्यवादाला विरोध असला तरी प्रश्नाची चर्चाच न करणे हा उपाय नव्हे.

१७ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांनी अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्याविषयीचा ठराव पहिल्यांदा मांडला. त्या वेळी अण्वस्त्रे अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन या तीनच देशांकडे होती. बड्यांनी सर्व शस्त्रे नष्ट करावीत ही मागणी रास्त असली तरी ती पुरी होईपर्यंत थांबलो तर तीनाचे तीस होतील. म्हणून आधी प्रसार थांबवावा आणि मग पुढच्या वाटाघाटी कराव्यात, असा त्यांचा विचार होता. छोट्या देशांच्या वा बंडखोरांच्या हाती अशी शस्त्रे पडली तर काय होईल, याची कल्पना सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा त्यांना अधिक स्पष्ट असावी. शेतातल्या पंपाने ठाणे जाळणारा तरुण ते स्वतः होते. ठरावाच्या मुख्य कलमाला ३७ मते मिळाली, विरोधात एकही नाही, पण ४४ देश तटस्थ राहिले. एकेन यांनी ठराव मागे घेतला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आणला. १९५९ मध्ये अमेरिकेचे मत मिळाले, सोव्हिएत संघ तटस्थ राहिला; १९६० मध्ये नेमके उलट घडले. दरवर्षी शब्द बदलून, दोन्ही गोटांच्या हरकती ऐकून ते पुन्हा उभे राहत. अखेर ४ डिसेंबर १९६१ रोजी हा ठराव एकमताने संमत झाला. पुढे अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा पाया म्हणून तो ‘आयरिश ठराव’ या नावाने ओळखला गेला.

भारताशी मात्र त्यांच्या धोरणाचे सूर नेहमी जुळले नाहीत. ऑक्टोबर १९५९ मध्ये तिबेटमधील मानवी हक्कांबाबतचा ठराव आयर्लंड आणि मलाया यांनी मांडला. तो ४५ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेल्या २६ देशांत भारत होता. १९६२ मध्ये आयर्लंड सुरक्षा परिषदेवर होता. त्या जूनमध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी काश्मीरवर वाटाघाटी कराव्यात, असा मसुदा आयर्लंडने मांडला. आयर्लंडच्या लढ्याकडे आपल्याच लढ्याचा थोरला भाऊ म्हणून पाहणाऱ्या भारताला हे लागले. सोव्हिएत संघाने २२ जून १९६२ रोजी नकाराधिकार वापरून तो मसुदा फेटाळला.

शांततेची किंमत आयर्लंडने स्वतःही मोजली. जुलै १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली आयरिश सैनिक काँगोला गेले आणि ८ नोव्हेंबरला निएम्बा येथील हल्ल्यात त्यांचे नऊ जण मारले गेले. तरीही एकेन यांनी शांतिसेनेतला सहभाग कमी होऊ दिला नाही. १ जुलै १९६८ रोजी अण्वस्त्रप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला, तेव्हा त्यांना मुद्दाम मॉस्कोला बोलावण्यात आले आणि तिथे पहिली सही करण्याचा मान देण्यात आला. ज्यांच्याकडे अण्वस्त्रे आहेत त्यांना ती ठेवू देणारा करार विषम आहे, असे म्हणून भारताने सही केली नाही. ही विषमता एकेन यांनाही दिसत होती. पहिले पाऊल म्हणून ती त्यांनी पत्करली होती.

१९६५ पासून ते उपपंतप्रधानही होते. १९६९ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधील कॅथलिकांसाठी गुप्तपणे शस्त्रे आणल्याच्या आरोपावरून पंतप्रधान जॅक लिंच यांनी चार्ल्स हॉही आणि नील ब्लेनी या मंत्र्यांना बडतर्फ केले. स्वतः एकेकाळी सीमेवर शस्त्रे जमवणारे एकेन या बाबतीत सर्वांत कठोर होते : निवडून आलेल्या सरकारच्या पाठीमागे मंत्र्याने शस्त्रे हलवावीत, हे त्यांना क्षम्य वाटत नव्हते. न्यायालयाने हॉही यांना निर्दोष सोडले तरी त्यांचे मत बदलले नाही. १९७३ च्या निवडणुकीत पक्षाने हॉही यांना उमेदवारी दिली, तेव्हा एकेन यांनी स्वतःचे नाव मागे घेतले. खरे कारण जाहीर करण्याचा त्यांचा निश्चय होता. पक्षहितासाठी त्यांची समजूत घालण्यात आली आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावरून ते निवृत्त होत असल्याचे लोकांना सांगण्यात आले. लाउथने त्यांना १९२३ पासून प्रत्येक निवडणुकीत निवडून दिले होते. ज्या पक्षाच्या स्थापनेत त्यांचा हात होता, त्याच्या वार्षिक अधिवेशनाला ते त्यानंतर गेले नाहीत.

१९७८ मध्ये मॉड मोटार अपघातात वारल्या. १८ मे १९८३ रोजी डब्लिनमध्ये एकेन यांचे निधन झाले. शासकीय इतमामात कॅमलॉक येथे, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या हद्दीत, त्यांचे दफन झाले. ऑगस्ट १९२२ मध्ये त्यांनी काबीज केलेल्या डनडॉकच्या लष्करी बराकींना आता ‘एकेन बरॅक्स’ असे नाव आहे. त्यांचा मोठा दप्तरसंग्रह युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या अभिलेखागारात अभ्यासकांना खुला आहे.